काडी वाढण्याआधीच कात्री : लेखन अडते तेव्हा या चुका टाळा

द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी होते, हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो त्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच धरलेला असतो. लेखन अडल्याची तक्रार करणारे बहुतेक जण, आणि त्यांत मीही आलो, काडी वाढण्याआधीच तिच्यावर कात्री चालवतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

आजोळच्या बागेवर लेख लिहायचा म्हणून एका पावसाळ्यात मी पहिला परिच्छेदच ११ वेळा लिहिला. वाक्ये गुळगुळीत झाली, पण त्यांत बाग कोठेच नव्हती. अखेर काहीही खोडायचे नाही असे ठरवून वहीच्या मागच्या पानांवर ४० मिनिटे सलग खरडले, तेव्हा डावणी या द्राक्षावरच्या रोगाच्या धास्तीने पहाटे पानांवरचे दव बोटाने चाचपून पाहणारे आजोबा, ध्यानीमनी नसताना, सातव्या ओळीत उतरले आणि सगळा लेख त्यांच्याभोवती उभा राहिला. ‘काय म्हणायचे ते नक्की झाले की लिहीन’ ही सबब म्हणूनच टिकत नाही. ते नक्की व्हावे यासाठीच तर लिहावे लागते.

वाचनाच्या आडोशाने लेखन पुढे ढकलणे ही तुलनेने सभ्य चूक आहे. ज्या शहरात १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, तेथे ‘आधी सगळे वाचून घेतो’ असे म्हणणाऱ्याला आयुष्य पुरणार नाही. कुसुमाग्रजांच्या गावात आपण काय लिहिणार, हा संकोच तिचाच भाऊबंद. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी एवढे आठवावे, की वसंत कानेटकर नाशिकच्याच एचपीटी महाविद्यालयात शिकवता शिकवता नाटके लिहीत होते.

मजकूर निर्जीव वाटत असेल, तर विशेषणे तपासावीत. ‘गोदावरीला प्रचंड पूर आला’ या वाक्यातून वाचकाला काहीच दिसत नाही. नाशिकच्या रामकुंडाजवळची माणसे मात्र पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, एवढेच विचारतात आणि तेवढ्यावरून दुकानातला माल हलवायचा की नाही ते ठरवतात. लिहिणाऱ्यानेही आपला मारुती शोधावा.

शुद्धलेखनाची काळजी शेवटच्या फेरीत घ्यावी. ‘आणि’मधला इकार ऱ्हस्व की दीर्घ, या शंकेपायी अर्धे वाक्य सोडून कोश उघडला, की उरलेले अर्धे बहुधा परत येत नाही.

पूर्ण झालेला खर्डा आठवडाभर नजरेआड ठेवून मग मोठ्याने वाचावा आणि जीभ अडखळेल तेथे खूण करावी. खरी छाटणी आता, आणि ती हात आखडता न घेता करावी. माझ्या लेखातला तो ११ वेळा घोटलेला परिच्छेद याच फेरीत पूर्णपणे गेला.