आधी पेट्रोलची पावती बघा, मग विमानाचं बोला: ट्रॅव्हल कार्ड घेताना या चुका टाळा

नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतो, म्हणून लोकांना वाटतं मला सगळी क्रेडिट कार्डं पाठ असणार. कॅन्टीनमध्ये ताट घेऊन समोर बसतात आणि विचारतात, "सर, ट्रॅव्हलसाठी सगळ्यात भारी कार्ड कोणतं?" मी उलट विचारतो, "गेल्या महिन्यात तुझे पैसे गेले कुठे?" मग वरणात भात कालवत बसतात. मिनिटभराचं रील बघून आलेल्याला स्वतःचा खर्च सांगता येत नाही आणि बिझनेस क्लासचं तिकीट मात्र फुकट हवं असतं. ट्रॅव्हल कार्ड म्हणजे खर्चावर पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड, त्या पॉइंटांतून प्रवासाची तिकिटं काढायची.

कार्ड आधी, खर्च नंतर

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण ती माझ्या घरातच घडलीय.

माझा साडू इंदिरानगरला भाड्याने राहतो. त्याने वर्षाला १०,००० रुपये फीचं कार्ड घेतलं. फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० गेले. वर्षभर घरातला जमेल तो खर्च त्याने कार्डावर टाकला, झाले ६ लाख. "दादा, या दिवाळीला गोवा फुकट," असं मला दोनदा ऐकवलं. पॉइंट बघायला गेला तर गोवा सोडाच, एका बाजूचं तिकीटही निघेना. आला स्टेटमेंट घेऊन.

मी लाल पेन घेतलं. घरभाडं महिना २२,०००, वर्षाचे २,६४,०००. पेट्रोल ९६,०००. विम्याचे हप्ते ७०,०००. यातल्या एकाही रुपयावर त्या कार्डाला पॉइंट नव्हते, नियमांच्या कागदात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. राहिले १,७०,०००. दर १५० रुपयांना ४ पॉइंट, म्हणजे साधारण साडेचार हजार पॉइंट. एक पॉइंट ५० पैशांचा धरला तरी सव्वादोन हजार रुपये. त्यात ॲपवरून भाडं भरताना एक टक्का आणि वर जीएसटी, तेही तीन हजारांच्या पुढे गेले होते. (ती भाड्याची सोय बऱ्याच ॲपनी नंतर बंदच केली, बरं झालं.) म्हणजे पंधरा हजार घालून सव्वादोन हजार कमावले. मेव्हणी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. त्या दिवशी चहा जरा उशिराच आला.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढायची, कार्डच नसेल तर यूपीआयचा इतिहास काढायचा, आणि दोन पेनं घेऊन बसायचं. पेट्रोल, भाडं, विमा, सोनं, वॉलेट, ईएमआय यांना लाल. किराणा, कपडे, हॉटेल, तिकिटं यांना हिरवं. बँकेगणिक यादी बदलते. लाल बेरीज मोठी निघाली तर फीचं कार्ड घेऊच नका. एक्सेलमध्येही होतं हे, पण हाताने केलं की लाज नीट वाटते.

आणखी एक. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात कार्ड कुठे घासणार? रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण ते दुकानदाराच्या क्यूआरवरच चालतं, माणसाच्या खासगी खात्यावर नाही. शिवाय हिशेब १५०-१५० चा असेल तर १४० रुपयांच्या मिसळीवर पॉइंट शून्य. रविवार कारंजाला एखादा व्यापारी "कार्ड असेल तर दोन टक्के वर" म्हणाला की सरळ रोख द्या. पाऊण टक्क्याच्या पॉइंटांसाठी दोन टक्के मोजणारी माणसं मी पाहिली आहेत, चांगली शिकलेली.

टप्पा गाठायला खरेदी

ही माझी स्वतःची. वर्षात ४ लाख खर्च केला की जादा पॉइंट, असं माझ्या कार्डावर होतं. मार्च संपत आला, २८,००० कमी पडत होते. घरचं वॉशिंग मशीन नीट चालत असताना मी एम. जी. रोडला जाऊन नवं घेतलं. ३१ मार्चच्या आत व्यवहार झाला म्हणून खूश. एप्रिलमध्ये पॉइंट नाहीत, मेमध्ये नाहीत. कस्टमर केअरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं कार्डाचं वर्ष ११ फेब्रुवारीला संपलं."

वीस वर्षं एप्रिल ते मार्च करणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही. कार्डाचं वर्ष बहुतेक वेळा कार्ड मिळाल्यापासून मोजतात. आता प्रत्येक कार्डाची ती तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितो. टप्पा आपोआप आला तर घ्यायचा, त्याच्यासाठी दुकानात जायचं नाही. सराफ बाजारात तर मुळीच नाही. सोन्याची खरेदी कित्येक कार्डांवर टप्प्यात धरतच नाहीत.

लाउंजचा मोह

लाउंज म्हणजे विमानतळावरची खाण्यापिण्याची सोय असलेली खास बसायची जागा. नाशिकच्या ओझर विमानतळावरून मोजकीच विमानं, त्यामुळे आपण नाशिककर बहुतेक वेळा पहाटे टॅक्सी करून, कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ गाठतो. वर्षातून किती वेळा? दोनदा? मग लाउंजच्या दारात कार्डावर दोन रुपये कापून मिळणाऱ्या इडलीसाठी हजारोंची फी कशाला? त्यात आता पुष्कळ कार्डांना आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असावा लागतो, आणि हे लाउंजच्या दारात कळतं. वर्षभर पंचवटी एक्स्प्रेसने अपडाउन करणाऱ्याने रेल्वे तिकिटावर सवलत देणारं साधं कार्ड बघावं. ते मिरवता येत नाही, एवढंच.

एकाच विमान कंपनीत जीव गुंतवणं

जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट तिकडच्या योजनेत गेले. म्हणून मी पॉइंट साठवत नाही, वर्षाच्या आत वापरून टाकतो. पॉइंटांच्या "फुकट" तिकिटावरही कर बहुधा रोखच भरावे लागतात, तेवढे आधी बघून घ्या.

परदेशात

साधारण कार्डावर परदेशी चलनातल्या खर्चाला ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे लाखाला ४,१३० रुपये. दुबईत मशीन विचारतं, रुपयांत की दिरहाममध्ये? दिरहामच दाबा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, व्याज त्याच दिवसापासून लागतं.

बिलाची फक्त किमान रक्कम भरणं

यावर मी वाद घालत नाही. महिना साडेतीन टक्के व्याज असेल तर ४०,००० वर १,४०० आणि जीएसटी धरून १,६५२ रुपये होतात, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू. पूर्ण बिल भरता येत नसेल तर ट्रॅव्हल कार्ड हा विषयच बंद करा आणि एसटीने फिरा.

एका महिन्यात चार अर्ज

मॉलमधल्या टेबलावरच्या पोराने बॅग देऊ केली म्हणून सही करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जाच्या नोंदवहीत, दिसते. मग घराच्या कर्जाच्या वेळी तोंड पाडून माझ्याकडे येतात.

चुकीचं कार्ड घेऊन बसला असाल तर नवी फी लागायच्या आधी बंद करा. त्याआधी पॉइंट वापरा, बाकी शून्य करा, ऑटो-पे दुसरीकडे हलवा आणि अर्ज लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. साडूने हा नियम ईमेलमध्ये तारखेसकट लिहिला, चौथ्या दिवशी कार्ड बंद. आता त्याच्याकडे बिनफीचं कार्ड आहे. गोव्याला गेला तो, दिवाळीनंतर, स्वतःच्या गाडीने. पेट्रोल त्याच कार्डावर भरलं, आणि पॉइंट मिळाले का हे मी विचारलं नाही.