मॉडेल ट्रेन ॲनालॉगवरून डिजिटलवर नेताना या चुका टाळा

नाशिककराने मॉडेल रेल्वे मांडायला घेतली की कसारा घाटाचा मोह पडणारच: ३७ ला १ असा चढ, पुढे इंजिन, मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन. ॲनालॉगची मर्यादा इथेच कळते. नॉब फिरवला की रुळातले ० ते १२ व्होल्ट डीसी दोन्ही इंजिनांना सारखेच मिळतात. मोटर आणि गिअर वेगळे असले तर मागचं इंजिन जास्त रेटतं आणि वळणावर मधले डबे घसरतात. दोन्ही इंजिनं एकाच मॉडेलची घ्या, नाहीतर डिजिटलकडे वळा. एकच गाडी गोल फिरवायची असेल तर मात्र ॲनालॉग पुरेसं आहे, उगाच खर्च करू नका.

डीसीसीत, म्हणजे डिजिटलमध्ये, एचओ (१:८७) मापाच्या रुळात साधारण १४ ते १६ व्होल्ट कायम असतात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर, म्हणजे आदेश वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट, फक्त आपल्या नंबरचा आदेश पाळतो. नवा डिकोडर बहुतेक वेळा ३ नंबरवर येतो. म्हणून नंबर बदलताना ते एकच इंजिन प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर ठेवा. दोन इंजिनं जोडण्याआधी डिकोडरमधल्या वेगाच्या सेटिंग्ज, म्हणजे सीव्ही २, ५ आणि ६, बदलून वेग जुळवून घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डिकोडर नसलेलं जुनं इंजिन डिजिटल रुळावर ठेवणं. इगतपुरीला पूर्वी १५०० व्होल्ट डीसीची हद्द संपून २५ हजार व्होल्ट एसी सुरू व्हायचा, तेव्हा गाडीचं इंजिन बदलत. इथेही हद्द पाळायला हवी. डिकोडर नसलेलं इंजिन डिजिटल रुळावर जागच्या जागी गुणगुणतं, तापतं. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर तर लवकर जळते. एकाच मांडणीचा अर्धा भाग ॲनालॉग, अर्धा डिजिटल ठेवणंही टाळा. इंजिन सांध्यावरून जाताना त्याची चाकं दोन्ही पुरवठे एकमेकांना जोडतात.

डिकोडर बसवताना मोटरची दोन्ही टोकं चासीपासून पूर्ण तोडली आहेत का, हे मल्टिमीटरने तपासा. घाई केली तर पहिल्याच करंटला डिकोडर जातो.

शॉर्टची चाचणी नाण्याने करा. रुळांवर जागोजागी नाणं आडवं ठेवा, प्रत्येक ठिकाणी बूस्टर, म्हणजे रुळांना डिजिटल वीज पुरवणारा डबा, लगेच बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तिथली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. जाड मुख्य वायर टाकून दर मीटरभराला रुळाला जोड द्या.

पावसाळ्यात इंजिन अडखळू लागलं की डिकोडरला दोष देण्याआधी रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशपेपर नको, त्याच्या चऱ्यांत मळ आणखी साठतो.

आणि अमेरिकेहून आणलेला सेट असेल तर अडॅप्टरवरचे आकडे आधी वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घालायचाच नाही.