मेल उघडताना या चुका टाळा, रंगीत मेलच्या आत काय काय लपलेलं असतं ते बघा

जुलैत रिटर्न भरायची गडबड सुरू झाली की "तुमचा रिफंड मंजूर झालाय" असे मेल येऊन पडतात आणि मग फॅमिली ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, मेल नुसता उघडला तरी व्हायरस येतो का हो? तर एकेकाळी यायचा. १९९९ मध्ये बबलबॉय नावाचा वर्म (स्वतःच पसरत जाणारा व्हायरस) होता, तो आउटलुकमध्ये मेल उघडला की लगेच चालू व्हायचा आणि आउटलुक एक्सप्रेसमध्ये तर प्रीव्ह्यूत दिसला तरी पुरे, अटॅचमेंटला हात लावायचीपण गरज नाही. आता जीमेल वगैरे मेलमधल्या स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम, आधीच काढून टाकतात, त्यामुळे नुसतं उघडून सहसा काही होत नाही. सहसा म्हणतोय कारण मार्च २०२३ मध्ये विंडोजवरच्या आउटलुकमध्ये एक भोक सापडलं, त्यात मेल न उघडताच, मीटिंगच्या रिमाइंडरमधून, लॉगिनचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक मजकूर, परस्पर बाहेर जायचा. अशी भोकं अपडेटनेच बुजतात, म्हणजे "अपडेट उद्या करू" ही पहिली चूक.

पण खरी चूक उघडण्यात नाहीये, दिसतंय तेच खरं धरण्यात आहे. रंगीत, चित्रांचा मेल (याला एचटीएमएल मेल म्हणतात) म्हणजे एक छोटं वेबपेजच असतं, त्यात निळ्या अक्षरात काय लिहायचं आणि क्लिक केल्यावर कुठे न्यायचं या दोन वेगळ्या गोष्टी. वर खरा लोगो, खाली खरा टोल फ्री नंबर, मधलं बटण मात्र भलतीकडे. कॉम्प्युटरवर बटणावर नुसता माउस नेला की खाली कोपऱ्यात पत्ता दिसतो, मोबाईलवर बोट दाबून धरलं की दिसतो. हा पत्ता वाचायची पण रीत आहे, बरेच लोक सुरुवातीचे दोन शब्द वाचून खूश होतात. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम, असं असेल तर ती साइट अमुकतमुकवाल्याची, इन्कमटॅक्सची नाही. सुरुवातीचे दोन तिरके दांडे सोडून पुढचा पहिला एकटा दांडा शोधायचा आणि त्याच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं, मालक तिथे कळतो. गव्ह डॉट इन हे सरकारी खात्यांनाच मिळतं म्हणून शेवट त्यानेच व्हायला हवा. आणि लिंक छोटी करून दिली असेल तर मग डोकं लावायलाच नको, इन्कमटॅक्सचं पोर्टल स्वतः टाइप करून उघडा, रिफंड असेल तर तिथे दिसेलच की.

पाठवणाऱ्याच्या नावाचंही तसंच. "आयकर विभाग" हे नाव कोणीही टाकू शकतं, नावावर टॅप करून मागचा पूर्ण पत्ता बघायचा. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर तीन टिंबांमधून शो ओरिजिनल केलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या पत्त्यावरूनच आलाय का याच्या तपासण्या) पास की फेल ते दिसतं. फेल असेल तर जपून. पण पास म्हणजे माणूस सज्जन असं नाही हं, ठगाने स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, घेतलं असेल तर तेपण पासच होणार.

आता फोटो. मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र टाकतात, ते सर्व्हरवरून लोड झालं की पाठवणाऱ्याला कळतं, मेल उघडला, अमुक वाजता उघडला, म्हणजे पत्ता चालू आहे. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमधून आणून दाखवतं त्यामुळे तुमचा आयपी (तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा पत्ता) लपतो, पण उघडल्याचं कळू शकतंच. सेटिंग्जमध्ये चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय आहे तो चालू करा, मग मेल जरा उघडाबोडका दिसेल, दिसू दे. स्पॅममधलं अनसबस्क्राइब दाबणं हीसुद्धा "मी आहे इथे" अशी पोचच.

सगळ्यात फसवी चीज म्हणजे डॉट एचटीएमएल नावाची अटॅचमेंट. लोकांना वाटतं पीडीएफसारखंच काहीतरी असेल. उघडली की ब्राउझरमध्ये बँकेसारखं लॉगिन पान येतं, तुमचा ईमेल आधीच भरलेला, फक्त पासवर्ड मागतंय. वर अ‍ॅड्रेस बारमध्ये बघा, कॉम्प्युटरवर तिथे साइटचं नाव नसतं, फाइल असं लिहिलेलं असतं, म्हणजे पान तुमच्याच मशीनमधून उघडलंय आणि टाइप केलेलं मात्र ठगाकडे जाणार.

बरं, झालं क्लिक, आता काय? नुसतं पान उघडलं, काही भरलं नाही, काही डाउनलोड झालं नाही तर बंद करा आणि ब्राउझर अपडेट करा. पासवर्ड टाकला असेल तर दुसऱ्या डिव्हाइसवरून लगेच बदला, बाकीचे लॉगिन साइन आउट करा, टू स्टेप चालू करा. आणि हे फार जण विसरतात, मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा, कारण आत शिरलेला माणूस तिथे गुपचूप नियम लावून जातो, मग पासवर्ड बदलला तरी तुमचे मेल त्याला जात राहतात. कार्ड नंबर किंवा ओटीपी दिला असेल तर आधी बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक, पैसे गेले असतील तर तेवढ्याच घाईने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि तो मेल रागाने डिलीट करू नका, तक्रारीत मूळ मेलचे हेडर (मेल कुठून कसा आला याची लपलेली नोंद) लागतात, स्क्रीनशॉटमध्ये ते येत नाहीत.