एईएस भक्कम, तरी किल्ली फुटते: फर्मवेअर लिहिताना या चुका टाळा

एईएस-१२८ या एन्क्रिप्शन पद्धतीची सगळी गुप्त किल्ली एकदम शोधायची तर २ चा १२८ वा घात इतक्या शक्यता. चिपचा वीजवापर ऑसिलोस्कोपवर मोजता आला, तर मात्र एकेक बाइट सुटा पकडता येतो. पहिल्या फेरीतल्या एस-बॉक्सच्या (एका बाइटच्या जागी दुसरा देणाऱ्या तक्त्याच्या) उत्तरात किती बिट १ आहेत हे किल्लीच्या त्या बाइटच्या २५६ अंदाजांसाठी काढायचे आणि ट्रेसशी, म्हणजे मोजलेल्या वीजवापराच्या नोंदीशी, ताडून पाहायचे. १६ बाइटांचे मिळून ४०९६ अंदाज, बस्स. वीजवापरावरचा असा सांख्यिकी हल्ला पॉल कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच मांडला होता.

टॅग (संदेश अस्सल असल्याची खूण) किंवा पिन मेमसीएमपी या सीमधल्या बाइट ताडणाऱ्या फंक्शनने तपासू नका. बहुतेक ठिकाणी ते पहिल्या चुकीच्या बाइटलाच थांबते आणि लागलेल्या वेळेतून किती बाइट बरोबर होते ते कळते. सगळ्या बाइटांचे एक्सऑर (बिट वेगळे तिथे १) एकाच चलात ऑर करत जा, निकाल शेवटी.

फक्त सी कोड वाचून निर्धास्त होणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. कायबर या क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून केलेल्या किल्ली ठरवण्याच्या पद्धतीच्या कोडमध्ये ३३२९ ने भागाकार होता. कंपायलर एरवी त्याचा गुणाकार करून टाकतो. कोडचा आकार कमी करायला सांगितले की खरी भागाकाराची इन्स्ट्रक्शन घालू शकतो, आणि तिचा वेळ अनेक प्रोसेसरांवर आकड्यानुसार बदलतो. कायबरस्लॅश नावाची २०२३ मधली त्रुटी ती हीच. कंपायलर किंवा त्याचे पर्याय बदलले की दर वेळी ऑब्जडंपने तयार झालेल्या इन्स्ट्रक्शन काढून बघा. गुप्त मूल्यावर भागाकार किंवा ब्रँच (अटीनुसार उडी) दिसता कामा नये.

यादृच्छिक विलंब घालून फार काही साधत नाही. ट्रेस थोडे जास्त लागतात, आकृती जुळवून ते पुन्हा एका रेषेत आणता येतात.

मास्किंग केले, म्हणजे मूल्य यादृच्छिक मास्कशी एक्सऑर करून दोन हिश्श्यांत ठेवले, तरी एक फट राहते. एका रजिस्टरमध्ये मास्क असताना त्यावरच मास्क केलेले मूल्य लिहिले, तर जितके बिट पालटतात तितकेच मूळ मूल्यात १ असतात. मास्क फुकट! दोन्ही हिस्से वेगळ्या रजिस्टरांत ठेवा, मधे रजिस्टर शून्य करा. मेमरी बसवरही हेच घडते, म्हणून लागोपाठ लोडही टाळा.

गळतीच्या चाचणीत ट्रेसच्या एका गटाला ठरावीक इनपुट, दुसऱ्याला यादृच्छिक, दोन्हींच्या सरासरीतला फरक दाखवणारे टी-मूल्य ±४.५ च्या बाहेर गेले की गळती आहे असे धरतात. आधी एक गट, मग दुसरा असे मोजू नका: चिप तापते आणि नसलेली गळती दिसते. गट सरमिसळ करून मोजा. त्याआधी मास्क मुद्दाम बंद करून एकदा मोजा. तेव्हाही गळती दिसत नसेल, तर मोजणी सुरू करणारा ट्रिगर, वीजप्रवाह मोजायचा शंट रोधक आणि चिपजवळचे कपॅसिटर तपासा.