हाताने स्टार्ट केली की चालते, रीबूट केलं की मरते: लिनक्सवरची सर्व्हिस कशी शोधून काढायची

सर्व्हर रीबूट केला, लॉगिन केलं, साइट बंद. मग बोटं आपोआप सिस्टमसीटीएल (सर्व्हिस चालू-बंद करायची कमांड) स्टार्ट टाईप करतात, सर्व्हिस उठते, सगळे सुटलो म्हणतात आणि पुढच्या कर्नल अपडेटला परत तोच तमाशा. लाइव्ह साइट असेल तर करा स्टार्ट, कोण अडवतंय, पण त्याआधी स्टेटसचा आउटपुट तेवढा कॉपी करून ठेवा, कारण स्टार्ट केल्यावर तिथलं चित्र बदलतं.

स्टेटसमध्ये पहिल्यांदा एकच बघायचं, इनॅक्टिव्ह लिहिलंय की फेल्ड. इनॅक्टिव्ह असेल आणि लॉगमध्येही या बूटचं काहीच नसेल तर बहुतेक तिला कुणी उठवलंच नाही. सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड मारून बघा, डिसेबल्ड आलं तर एनेबल करा, विषय संपला. मास्क्ड आलं, म्हणजे स्टार्ट करायलाच बंदी, तर आधी अनमास्क. आणि स्वतः लिहिलेल्या युनिट फाइलला (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) स्टॅटिक आलं म्हणजे खाली इन्स्टॉल सेक्शन नाहीये, तिथे वाँटेडबाय मध्ये मल्टी-युजर टार्गेट (टार्गेट म्हणजे बूटचा एक टप्पा) टाका, बदललेली फाइल परत वाचायला डीमन-रीलोड करा, मग एनेबल.

फेल्ड असेल तर खरं काम. जर्नलसीटीएलला (लॉग दाखवणारी कमांड) हायफन यू देऊन सर्व्हिसचं नाव आणि सोबत हायफन बी, म्हणजे फक्त या बूटचा लॉग येतो. हायफन बी पुढे उणे १ दिलं की मागच्या बूटचा, पण तो डिस्कवर साठवला जात असेल तरच, /व्हार/लॉग/जर्नल फोल्डर नसेल तर बऱ्याचदा रीबूटबरोबर सगळं उडालेलं असतं.

आता हाताने स्टार्ट करून बघा. हातानेही उठत नसेल तर रीबूटचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. कुणीतरी कधीतरी कॉन्फिगमध्ये गडबड केली, रीस्टार्ट केलंच नाही, चालू प्रोसेस जुन्याच कॉन्फिगवर निवांत होती आणि रीबूटने भांडं फोडलं. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) असेल तर एनजिनएक्स हायफन टी चुकीची ओळ दाखवतं. एक्झिट कोडही वाचा: २०३ म्हणजे बायनरीचा पाथ चुकलाय किंवा एक्झिक्यूट परमिशन नाही, २१७ म्हणजे युनिटमध्ये लिहिलेला युजरच सापडत नाही, २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत जाता आलं नाही.

पण हाताने चालते आणि बूटला मरते, तर ९० टक्के खेळ वेळेचा असतो, तिला जे लागतं ते तेव्हा तयारच नव्हतं. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये बाइंड फेल्ड आणि कंसात ९८ दिसलं तर पोर्ट आधीच कुणीतरी धरलंय, बहुतेक अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर, दोन्ही एनेबल्ड आहेत आणि जो आधी उठेल त्याचं ८० नंबर पोर्ट (एसएस ला हायफन एलटीएनपी लावा, नाव कळेल). ९९ दिसलं तर वेगळंच, कॉन्फिगच्या लिसन ओळीत जो आयपी लिहिलाय तो अजून मशीनला लागलेलाच नाही. इथे लोक युनिट फाइलच्या आफ्टर ओळीत नेटवर्क टार्गेट टाकतात आणि काहीच फरक पडत नाही, कारण त्या टार्गेटचा अर्थ आयपी मिळाला असा नाहीच. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट टाका, आणि ते आफ्टर आणि वाँट्स दोन्हीत टाका, आफ्टर फक्त क्रम ठरवतं, कुणाला उठवत नाही. मूळ युनिट फाइलला हात लावू नका, सिस्टमसीटीएल एडिट वापरा, ओव्हरराइड वेगळ्या फाइलीत जातं आणि पॅकेज अपडेट झालं तरी टिकतं.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे /रन. ते रॅममध्ये असतं, रीबूटला साफ. ॲपची सॉकेट किंवा पिड फाइल (प्रोसेसचा नंबर असलेली) ठेवायला तिथे हाताने फोल्डर बनवला असेल तर तो गेला, आता नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. युनिटमध्ये रनटाइमडिरेक्टरी लिहा, सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) दर वेळी फोल्डर बनवून त्या युजरच्या नावाने देतं.

डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर रिक्वायर्समाउंट्सफॉर मध्ये तो पाथ द्या, म्हणजे डिस्क जोडली गेल्यावरच सर्व्हिस उठेल.

डेटाबेसची वाट बघणारं ॲप असेल तर अजून एक गंमत. रीस्टार्ट ऑलवेज लिहिलेलं असतं तरी सर्व्हिस पडून राहते आणि लॉगमध्ये स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली येतं. डिफॉल्टला दोन प्रयत्नांत फक्त १०० मिलिसेकंद आणि १० सेकंदांत ५ प्रयत्नांची मर्यादा, त्यामुळे डेटाबेस डोळे चोळतोय तोवर ॲपचे पाचही चान्स संपतात. रीस्टार्टसेक (दोन प्रयत्नांमधले सेकंद) ५ करा. आणि डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसचं स्टेटस हिरवं दिसलं म्हणून खूश होऊ नका, ॲक्टिव्ह एक्झिटेड असेल तर ती नुसती नावापुरती सर्व्हिस आहे, खरी पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन अशा नावाची असते, आकडा तुमच्या व्हर्जनचा.

बदल केल्यावर स्टॉप-स्टार्ट करून टेस्ट झाली समजू नका, तेव्हा नेटवर्क, डिस्क, /रन सगळं जागेवर असतं. ट्रॅफिक कमी असताना खरंच रीबूट करा आणि वर आल्यावर सिस्टमसीटीएल ला डबल हायफन फेल्ड लावून बघा. एफएसटॅबला (बूटला कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) हात लावला असेल तर रीबूटआधी प्रोव्हायडरचा कन्सोल उघडून ठेवा, नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) न लावलेली डिस्क सापडली नाही तर मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि मग एसएसएच काही येत नाही.