उसाची मोळी पडण्याआधी ट्रॅक्टरच्या क्लचकडे बघा

दसरा झाला, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागल्या की ट्रॅक्टरला पुढचे चार-पाच महिने उसंत नाही. हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीचे टायर बघितले जातात, हुक आणि पिन बघितली जाते, रिफ्लेक्टर लागतात. क्लचची आठवण मात्र भरलेली ट्रॉली फडातून निघेनाशी झाल्यावर येते. आणि क्लच ही काही फॅनबेल्टसारखी जागेवर बदलायची वस्तू नाही. ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, दिवस मोडतो, तोडलेला ऊस वाळून वजन घटतं आणि टोळी बसून राहते ते वेगळंच.

“क्लच किती तास चालतो?” हा प्रश्न नेहमी येतो. तासांत त्याचं धड उत्तर देता येत नाही. एकाच मॉडेलचे दोन ट्रॅक्टर घ्या. नांगरट-पेरणीवरचा दोन-तीन हजार तास पहिल्याच क्लच प्लेटवर काढतो, आणि वाहतुकीवरचा कच्च्या ड्रायव्हरच्या हाती एका हंगामात प्लेट खातो. कारण साधं आहे. पेडल पूर्ण सुटलं की प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) घट्ट धरून त्याच्याबरोबरच फिरते, घासत नाही. दिवसभर नांगर ओढला तरी ती झिजत नाही म्हटलं तरी चालेल. झीज होते ती धरता-सोडताना, घसरण्याच्या त्या दोन-चार सेकंदांत. म्हणून तास मोजण्यापेक्षा दिवसात ट्रॅक्टर कितीदा उभ्याचा हलवला, कुठल्या गिअरमध्ये आणि किती ओझ्यावर, हे मोजा.

या हिशेबाने क्लचची सगळ्यात वाईट जागा फड नाही, कारखान्याचं यार्ड आहे. नंबर लागलेला असतो, पुढची गाडी दहा फूट सरकते, लगेच मागचा अर्ध्या क्लचवर तेवढाच सरकतो. गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपर्यंत, असं पन्नास वेळा. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना प्रत्येक सरकणं म्हणजे प्लेटवर एक भाजणी. दोन ट्रॉल्यांएवढी जागा मोकळी होऊ द्या, मग एकदाच लो गिअरमध्ये उचला आणि पाय पूर्ण काढा. मधे कुणीतरी घुसेल ही भीती खरी आहे, यार्डातली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. तरी चार ट्रॅक्टरवाल्यांनी आपसात ठरवलं तर जमतं. थांबलात की न्यूट्रल करा. गिअरमध्ये ठेवून पेडल दाबून बसलं की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) विनाकारण फिरत राहतं आणि तेच आधी आवाज करायला लागतं.

गिअरचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. तेवढ्याच ओझ्यासाठी दुप्पट वेगाच्या गिअरमध्ये उचललंत तर प्लेटमध्ये तयार होणारी उष्णता दुप्पट नाही, साधारण चौपट होते. हाय-लो लिव्हर हायमध्ये ठेवून भरली ट्रॉली उठवणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर धरून ठेवणं आणि रुतलेली ट्रॉली झटके देऊन काढणं ही त्याचीच भावंडं. रुतली तर टोचन लावा, थोडी मोळी उतरवा. उतारावर तर क्लच दाबून ट्रॅक्टर सोडूच नका. ओझं मागून ढकलतं, आवरायला फक्त ब्रेक उरतो, आणि मधेच पेडल सोडलं तर प्लेटच्या चिंधड्या होऊ शकतात.

आता पेडलचा प्ले, म्हणजे जोर लागायच्या आधीचा सैलपणा. ब्रेकचा लायनर झिजला की प्ले वाढतो, त्यामुळे क्लचचंही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. इथे उलटं आहे. प्लेट झिजते तशी तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिला उचलणारे फिंगर (छोटे लिव्हर) मागे येतात आणि प्ले कमी होत जातो. तो संपला की रिलीज बेअरिंग फिंगरला कायम टेकून राहतं, क्लच पूर्ण धरत नाही आणि स्लिप मारायला लागतो. पेडल हाताने दाबून बघा. जोर लागायच्या आधी ते बहुतेक ट्रॅक्टरवर २० ते ३० मिलिमीटर सैल हललं पाहिजे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. वाहतुकीच्या दिवसांत हे आठवड्याला बघा. रॉडचं सेटिंग पाच मिनिटांचं काम आहे. पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर मात्र सेटिंग करूनही उपयोग नाही, कारण तो पाय सगळा प्ले खातो.

स्लिपची शंका असेल तर मोकळ्या जागेत, समोर कुणी नसताना, दोन्ही ब्रेक लावून वरचा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर लगेच पेडल दाबा, ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका. क्लच हाऊसिंगच्या तळाला भोक असतं, बऱ्याचदा त्यात स्प्लिट पिन असते. ते चिखलाने बुजलं असेल तर मोकळं करा. तिथून तेल ठिबकत असेल तर ऑइल सील गेलंय. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवायचा उद्योग करू नका.

पावसाळाभर उभा असलेला ट्रॅक्टर असेल तर आणखी एक. ओलीने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, पेडल दाबूनही गिअर खरखरतो. पुढच्या वर्षी उभा करताना पेडल दाबून लाकडाचा ठोकळा लावून ठेवा.

रोटाव्हेटरवाल्यांना थोडंसंच: डबल क्लचमध्ये अर्ध्या पेडलवर ट्रॅक्टर थांबतो आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट. रोटाव्हेटर जमिनीत दाबलेला असताना पीटीओ जोडू नका. आधी उचला, कमी रेसवर जोडा, फिरू लागला की खाली सोडा.

ट्रॅक्टर फोडलाच तर फक्त प्लेट बदलून मोकळे होऊ नका. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर लेथवर फेसिंग मारून घ्या. रिलीज आणि पायलट बेअरिंग, दोन्हीकडची सील त्याच वेळी नवी घाला, कारण मजुरी पुन्हा तेवढीच पडते. फिंगर सगळे एका पातळीत बसवलेत का ते उभं राहून बघा. आणि तारीख, मीटरचे तास मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. ड्रायव्हर बदलला की पुढचा आकडा त्याच्याखाली लिहा.