चार वर्षांचं मूल वाचतंय? बडोद्यात माँटेसरी शाळा अशी निवडा

माँटेसरी म्हणजे मूल साहित्य हाताळत आपल्या गतीने शिकतं ती पद्धत; पण ‘माँटेसरी’ हे नाव कोणीही पाटीवर लावू शकतं. म्हणून पाटी सोडा, वर्ग पाहा. सकाळी निदान एक तास कोपऱ्यात गप्प बसून बघायची परवानगी मागा. ती नाकारली तर दुसरी शाळा बघा.

आधी वयोगट विचारा. अडीच-तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात हवीत. नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर असे वेगळे वर्ग असतील, तर पुढे गेलेल्या मुलाला पुढचं साहित्य मिळतच नाही, आणि ते कंटाळून खोड्या करतं. सलग तीन तास कामाचा वेळ हवा. दर अर्ध्या तासाला घंटा वाजत असेल तर एकाग्रता मोडते.

मग साहित्याचं कपाट नीट पाहा. गुलाबी मनोरा (१ ते १० सेंमीचे दहा ठोकळे) सगळीकडे असतो. खरी परीक्षा संख्या शिकवणाऱ्या सोनेरी मण्यांची: सुटा मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. घनावर धूळ असेल, तर चार अंकी बेरजेपर्यंत तिथे कोणी पोचत नाही.

ताईंना विचारा, “याला वाचता येतं, तुम्ही काय द्याल?” “आधी सगळ्यांबरोबर कखग” हे उत्तर नको. आपली मराठी मुलं घरी देवनागरी वाचतात. शाळेतली गुजराती अक्षरं शिरोरेखेशिवाय, पण बरीचशी ओळखीची. खरखरीत कागदाची अक्षरं गिरवून ती लवकर बसतात.

वाचणाऱ्या मुलालाही बटणं लावणं, पाणी ओतणं द्यायलाच हवं. बुद्धी धावते, बोटं मागे राहतात.